लाजरास पाणी आणावयास सांगणारा धनी

देव वरून पाहतो आहे, तोच काय तो न्याय करील, असे सांगून गरिबास गप्प बसविण्याची चाल फार जुनी आहे. गांजणाऱ्यालाही ती गोड लागते, कारण त्या न्यायाची तारीख मेल्यानंतरची! ख्रिस्ती धर्मातही मेल्यानंतरचा न्याय सांगितला आहे; पण तो नीट वाचील त्या गर्विष्ठाची झोप उडावी.

लूककृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायात एक श्रीमंत आहे. उंची वस्त्रे ल्यावीत, रोज चैन करावी, हा त्याचा धंदा. त्याच्या दारात लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरलेला पडून असे. कुत्री येऊन ते फोड चाटीत. पुढे दोघेही मेले. लाजर अब्राहामाच्या उराशी गेला, धनी आगीत पडला. आता मौज पाहा. आगीत होरपळणारा हा गृहस्थ लाजराची क्षमा मागत नाही, त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. अब्राहामाला म्हणतो, लाजरास पाठवा, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू द्या! म्हणजे दारातल्याचे नाव त्यास ठाऊक होते. नाव ठाऊक असून भाकर दिली नाही, आणि नरकात गेल्यावरही त्यास आपला पाणक्याच समजतो. कथेने लाजरास नाव दिले, धन्यास दिलेच नाही. मध्ये मोठी दरी आहे, येता येणार नाही, असे अब्राहाम सांगतो. आम्ही म्हणतो, ती दरी धन्याने जिवंतपणीच आपल्या उंबऱ्यापाशी खणली होती.

पाण्याची ही गोष्ट आम्हा मऱ्हाठी लोकांस परकी कशी वाटेल? जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्यानंतर 59 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तर परिषदेस आलेल्यांची डोकी फोडली गेली आणि शेणमूत ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले! मुंबई हायकोर्टाचा निकाल मिळावयास 1937 साल उजाडले.

ख्रिस्ती बंधूही यातून सुटत नाहीत. गोव्यात बाप्तिस्मा घेऊनही बामण, चारडो, शूद्र हे भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकले. वेदी एक, सोयरीक मात्र जात पाहून. मत्तयाच्या 25 व्या अध्यायातला न्यायाधीश जात विचारीत नाही. तहानेल्यास पाणी दिले काय, उपाशास अन्न दिले काय, परक्यास घरात घेतले काय, अशी त्याची चौकशी असते.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. त्या दुष्काळात टँकर आधी कोणत्या आळीत थांबला, कोणाच्या घागरी मागे राहिल्या, हे शिरूर अनंतपाळकरांनी आणि आसपासच्या खेड्यांनी आपापल्या गावापुरते आठवावे.

धन्याने शेवटी विनविले की, घरी माझे पाच भाऊ आहेत, त्यांस सावध करावयास तरी लाजरास पाठवा. पुन्हा निरोप्या लाजरच! त्यांच्यापाशी धर्मग्रंथ आहेत, तेच त्यांनी ऐकावे, असे उत्तर मिळाले. ते पाच भाऊ आमच्या मते अजून जिवंत आहेत. एखादा ग्रामपंचायतीतही बसतो. तेव्हा टंचाईत टँकरची पाळी ठरवावयाची वेळ येईल त्या ग्रामसभेत, पहिली पाळी गावकुसाबाहेरच्या आळीची, असा ठराव कोणी तरी उभे राहून मांडावा. हात कोणाचा वर होत नाही, ते साऱ्या गावाला दिसू द्या.