भिंतीतली केबल कामाला लावा, पण आधी तिला कुलूप लावा

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा गेल्या हिवाळ्यात फोन आला. राउटर तळघरात आणि तिची कामाची खोली वरच्या मजल्यावर. ऑफिसची मीटिंग सुरू झाली की चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. घर भाड्याचं, त्यामुळे भोक पाडून नवी वायर टाकायची सोय नाही. "इंजिनीअर आहेस ना, मग सांग काहीतरी," ताई म्हणाली.

उत्तर तिच्या भिंतीतच होतं. तिकडच्या बहुतेक घरांत खोल्यांमध्ये टीव्हीच्या केबलचे सॉकेट आधीपासून असतात. हीच ती कोॲक्स केबल. तिच्यातून इंटरनेट नेणाऱ्या तंत्राचं नाव 'मोका', म्हणजे मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा वरच्या खोलीत. दोन्ही केबलला जोडले आणि दहा मिनिटांत ताईची मीटिंग सुरळीत झाली.

गोष्ट इथे संपली असती. पण मी तिला अडॅप्टरचं सेटिंग पान उघडायला लावलं. घरात अडॅप्टर दोन, राउटरमध्ये मोकाची सोय नाही, तरी यादीत उपकरणं तीन! टाउनहाऊसच्या त्या रांगेतल्या केबल बाहेर एका स्प्लिटरवर एकत्र येतात. तिसरं उपकरण शेजाऱ्यांपैकी कोणाचं तरी असणार. म्हणजे ताईचा प्रिंटर, फोटो साठवलेली हार्ड डिस्क आणि शेजारचं घर, सगळं एकाच नेटवर्कवर.

असं का होतं?

मोकाचे सिग्नल साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. केबल टीव्हीचे सिग्नल त्याच्या खाली असतात, म्हणून दोन्ही एकाच वायरीत नांदतात. पण सिग्नलला घराची हद्द कळत नाही. वायर बाहेर गेली की तोही बाहेर जातो. एका मोका नेटवर्कमध्ये १६ उपकरणं सामावतात. पासवर्ड नसेल तर अडॅप्टर आपण होऊन एकमेकांना शोधतात आणि जोडले जातात. 'लावा आणि विसरा' म्हणून विकली जाणारी सोय ती हीच.

बदलायच्या तीन गोष्टी

१. पासवर्ड : सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'सिक्युरिटी' नावाचा पर्याय असतो आणि अनेक अडॅप्टरमध्ये तो बंदच येतो. तो चालू करून सगळ्या अडॅप्टरना एकच पासवर्ड द्या. बऱ्याच उपकरणांत तो फक्त आकड्यांचा, १२ ते १७ अंकी असतो. पहिल्या अडॅप्टरला पासवर्ड दिला की त्याचा दुसऱ्याशी संपर्क तुटतो. घाबरू नका. प्रत्येक अडॅप्टर लॅपटॉपला नेटवर्क केबलने थेट जोडून वेगवेगळा सेट करा.

२. पत्ता : अडॅप्टर हा नुसता पूल आहे, तो लॅपटॉपला आयपी पत्ता देत नाही. म्हणून सेटिंग पान उघडत नाही आणि लोक 'खराब निघाला' म्हणून परत करतात. मॅन्युअलमध्ये अडॅप्टरचा पत्ता दिलेला असतो. लॅपटॉपला तात्पुरता त्याच मालिकेतला पत्ता हाताने द्या. काम झालं की तो पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर न्या. सेटिंग पानाचा मूळ पासवर्डही बदला.

३. फिल्टर : केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, 'पीओई फिल्टर' बसवा. मोकाचा सिग्नल तो घरातच अडवतो. इथे पीओई म्हणजे पॉइंट ऑफ एंट्री. वायरीतून वीज देणाऱ्या 'पॉवर ओव्हर इथरनेट'लाही पीओईच म्हणतात, तेव्हा खरेदी करताना पूर्ण नाव वाचा. भाड्याचं घर असेल तर बाहेरच्या डब्याला हात लावण्याआधी मालकाला विचारा. स्प्लिटरही १६७५ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा हवा. जुना असेल तर वेग तिथेच मार खातो.

वेगाबद्दलही एक सावधगिरी. मोका २.५ या मानकाची कमाल मर्यादा २.५ गिगाबिट आहे. पण अडॅप्टरचा नेटवर्क पोर्ट एक गिगाबिटचा असेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, त्या पोर्टमधून मिळणार एकच.

आपल्याकडे चालेल?

आपल्या सिमेंटच्या भिंतींत वाय-फाय दमतं आणि जुन्या केबल टीव्हीची वायर अनेक फ्लॅटमध्ये नुसती पडून आहे. केबलवाल्याकडून येणारी वायर सोडवून फक्त दोन खोल्यांमधला तुकडा वापरला, तर सिग्नल बाहेर जायला वाटच उरत नाही आणि फिल्टरही लागत नाही. डीटीएचच्या वायरीवर मात्र हा प्रयोग करू नका. छत्रीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. तो मोकाच्या पट्ट्यावरच येतो, दोघांचं भांडण ठरलेलं.

सेटिंग ग्राहकाच्या हातात हवं

माझा आक्षेप शेजाऱ्यावर नाही; त्या बिचाऱ्यालाही बहुधा पत्ता नसेल. आक्षेप आहे तो उघडं दार 'सोय' म्हणून विकण्यावर. वाय-फाय राउटर आता पासवर्डसह येतात. मग कोॲक्स अडॅप्टरला सूट का? पहिल्यांदा जोडतानाच त्याने पासवर्ड मागितला पाहिजे. आणि कंपनीने उपकरण भाड्याने दिलं असेल, तर सेटिंग पानाची किल्ली ग्राहकाला मिळालीच पाहिजे. 'ते ग्राहकांसाठी नसतं' हे उत्तर चालणार नाही. नेटवर्क आपल्या घरातलं आहे, त्यात कोण आहे हे बघण्याचा हक्कही आपलाच.

ताईच्या यादीत आता दोनच उपकरणं दिसतात. तुमच्या घरात मोका असेल, तर आज एकदा ती यादी उघडा आणि मोजा.