सृष्टिनिरीक्षण : माहेरची अडलेली वाट

पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, हा आपल्याकडील घरोघरचा रिवाज आहे. वाट कितीही लांबची व अवघड असो, मुलीला आणावयास मुराळी जातो आणि दिवस भरण्यापूर्वींच ती आपल्या आईच्या घरीं पोंचते. सृष्टींत असे कांहीं जलचर आहेत कीं, हा रिवाज त्यांना कोणीं शिकविलेला नसतांही ते तो प्राणापलीकडे पाळतात. त्यांची ती वाट मनुष्यानें विजेसाठीं कशी अडविली, आणि एके ठिकाणीं ती पुनः कशी मोकळी करून दिली, हें या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे. मासा हा आमच्या बऱ्याच वाचकांच्या पानांतला पदार्थ नव्हे, हें आम्ही जाणतों. पण ज्याच्याशीं आपला खाण्याचा संबंध नाहीं, त्याच्याशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें थोडेंच आहे? आपल्या घरांतला दिवा कोणाची वाट अडवून लागतो, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील नद्यांत सॅमन नांवाचा मासा जन्मतो. थंड, वाहत्या पाण्याच्या तळाशीं जी खडी असते, तींत मादी शेपटीनें खळगा करून अंडीं घालते. पिलें कांहीं काळ गोड्या पाण्यांत काढून समुद्राकडे निघतात. खाऱ्या पाण्यांत कांहीं वर्षें राहून पुष्ट झालेले हे मासे दूरदूरच्या समुद्रांतून परत फिरतात, आणि बहुधा ज्या ओढ्यांत जन्म झाला त्याच ओढ्याला येतात. नदींत शिरल्यावर वास हा त्यांचा वाटाड्या होतो, हें आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती, दगड व वनस्पति यांमुळें स्वतःचा असा गंध असतो, आणि तो पिलाच्या ठायीं बालपणींच ठसतो. परतीच्या प्रवासांत हा मासा अन्न जवळजवळ वर्ज्य करतो. प्रवाहाविरुद्ध उड्या घेत तो वर चढतो, आणि प्रजोत्पादन आटोपल्यावर पॅसिफिकमधील बहुतेक सॅमन तेथेंच देह ठेवतात. त्या कलेवरांवर अस्वलें व गरुड पोसतात, आणि समुद्रांतून आलेलें नत्र कांठच्या झाडांच्या मुळांपर्यंत पोंचतें. नदी डोंगराची माती समुद्राला नेते, आणि हे मासे समुद्राचें देणें डोंगराला आणून पोंचवितात.

आतां अशा वाटेवर वीज उत्पन्न करणारें धरण आलें म्हणजे काय होतें, तें पाहूं. वर जाणारा मासा भिंतीच्या पायथ्याशीं अडतो, ही अडचण डोळ्यांना दिसते. इतर अडचणी दिसत नाहींत. खालीं जाणाऱ्या पिलांना एरव्हीं वाहतें पाणीच समुद्राकडे ढकलीत नेतें. जलाशयांतील पाणी संथ असल्यामुळें त्यांचा प्रवास लांबतो, आणि तेवढ्या वेळांत तीं मोठ्या माशांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. पुढें वीजगृहाच्या चक्रांतून जावें लागलें, तर पात्यांचा मार व पाण्याच्या दाबांतील एकाएकीं होणारा फरक यांनीं कित्येक मरतात. शिवाय वरून येणारी खडी धरणामागें अडून बसते, व खालच्या पात्रांत अंडीं घालण्याजोगा तळ उरत नाहीं.

वॉशिंग्टन राज्यांतील एल्व्हा नदीची हकीकत या बाबतींत फार बोधप्रद आहे. ही नदी लांबीनें सुमारें ७२ किलोमीटर. पॅसिफिकमधील सॅमनच्या पांचही जाती तींत येत, आणि तेथील चिनूक जातीचे मासे शंभर पौंडांपर्यंत भरत अशी त्यांची ख्याति होती. १९१० सालीं टॉमस ऑल्डवेल नांवाच्या उद्योजकानें नदीच्या मुखापासून सुमारें ८ किलोमीटरांवर धरणाचें काम सुरू केलें. १९१२ त पायाखालून पाणी फुटलें, तरी १९१३ त तें पुरें झालें. १९२७ त त्याच्या वरच्या बाजूस ग्लाइन्स कॅन्यन हें ६४ मीटर उंचीचें दुसरें धरण उभें राहिलें. माशांसाठीं वाट ठेवावी असा त्या राज्याचा कायदा १८९० पासून होता. परंतु वाटेऐवजीं मत्स्यपैदाशीचें केंद्र चालवावें, अशी तडजोड निघाली. तें केंद्र १९२२ त बंद पडलें. धरण मात्र राहिलें. उपनद्या धरून ११० किलोमीटरांहून अधिक प्रवाह माशांना बंद झाला. विजेवर गिरण्या चालल्या, गांव उजळलें. पण त्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्लॅलम लोकांचें मुख्य अन्न गेलें, आणि आपली जात जेथें उत्पन्न झाली असें ते मानतात, तें पवित्र स्थळही पाण्याखालीं गेलें.

मग माशांना जिना कां करूं नये, असें कोणी विचारील. असे जिने आहेत. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणाला १९३८ सालींच पायऱ्यापायऱ्यांचीं कुंडें करून दिलीं, आणि सॅमन तीं चढून जातात. पण त्याच नदीवरील प्रचंड ग्रँड कूली धरणाला असा जिना नाहीं. त्याच्या वरचा सारा मुलूख सॅमनला मुकला. शिवाय उडी घेणाऱ्या माशाला जें साधतें, तें सर्वांनाच साधतें असें नाहीं. चीनमधील यांगत्से नदींत वल्ह्यासारख्या लांब तोंडाचा एक अजस्र मासा होता. १९८१ त गेझोबा धरणानें त्याची वरची वाट तुटली. २००३ नंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, आणि २०२२ सालीं ती जात नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

एल्व्हाचें दैव यापेक्षां बरें निघालें. १९९२ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें नदी पूर्ववत् करण्याचा कायदा केला, आणि सप्टेंबर २०११ मध्यें धरणें पाडण्यास आरंभ झाला. ऑगस्ट २०१४ मध्यें शेवटचा भाग निघाला. मागें सांचलेला सुमारें दोन कोटि घनमीटर गाळ व खडी यांतील पुष्कळ भाग खालीं वाहून गेला, व नदीच्या मुखाशीं नवा पुळणीचा किनारा तयार झाला. क्लॅलम लोकांचें पवित्र स्थळ पाण्याबाहेर आलें. सॅमन वर चढूं लागले. पूर्वीची गर्दी अद्याप नाहीं. पण २०२३ सालीं त्या लोकांना आपल्या नदींत सॅमनची मर्यादित मासेमारी करतां आली.

आपल्याकडे काय? १९७५ सालीं फराक्क्याचा बांध सुरू झाला. तो विजेसाठीं नव्हे, कलकत्त्याच्या बंदरासाठीं. पण पूर्वीं गंगेंतून प्रयागापर्यंत येणारी हिलसा त्यानें अडविली. आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील महासीर जातीचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं केलें. हा मासाही पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडीं घालतो. त्याच मुळेवर विजेसाठीं मुळशीचें धरण आलें. तेथील मावळ्यांनीं १९२१ त सत्याग्रह केला, सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास पत्करला. माशांच्या वतीनें कोण बसणार? पुढें टाटा कंपनीनें लोणावळ्याजवळ वळवण येथें महासीरचीं पिलें वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडण्याचा उपक्रम हातीं घेतला. तें काम स्तुत्यच आहे. तथापि पिलें सोडणें आणि वाट सोडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें एल्व्हाच्या तडजोडीवरून ध्यानांत येईल.

विजेवांचून आतां कोणाचेंच चालणार नाहीं, आणि सर्वच धरणें पाडावींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु धरणाचा हिशेब मांडतांना वीज व जमीन यांच्याबरोबरच नदीवरून कोण येतें-जातें याचाही आंकडा आरंभींच मांडला पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर वाट करणें कठीण व खर्चाचें होतें. आणि जें धरण जुनें झालें, ज्याची वीज थोडी व हानि मोठी, त्याविषयीं एल्व्हाप्रमाणें पुनः विचार करण्यांत कमीपणा नाहीं.