जीभ बाळाची, दोष आईचा

‘तुझ्या अंगावर दूधच नाही.’ बाळंतिणीला पहिल्या आठ-दहा दिवसांत ऐकावे लागणारे हे वाक्य बहुतेक घरांत सारखेच असते. घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे, ते मराठीत म्हटले जाते की दखनीत, एवढाच काय तो फरक. मग अळिवाची खीर येते, हरीरा येतो, शतावरीची पूड येते. हे सगळे आईच्या पोटात जाते. बाळाच्या तोंडात मात्र कोणी डोकावून पाहत नाही.

काही बाळांच्या जिभेखालचा पातळ पडदा आखूड किंवा जाड असतो, कधी तो जिभेच्या टोकापर्यंत जोडलेला असतो. आपण म्हणतो, जीभ चिकटलेली आहे. डॉक्टर त्याला टंग-टाय किंवा अँकिलोग्लॉसिया म्हणतात. बाळ रडते तेव्हा जिभेचे टोक वर उचलले जात नाही. जीभ पुढे आली तर टोकाला खाच पडून ती पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या सुमारे चार ते अकरा बाळांमध्ये हे आढळले आहे. मोजण्याचा निकष बदलला की आकडाही बदलतो, पण ही गोष्ट दुर्मीळ नाही.

बाळ नुसते ओठांनी दूध ओढते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते तोंड मोठे उघडून स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात घेते. त्याची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, मग वरखाली होते आणि त्या हालचालीने तोंडात पोकळी तयार होऊन दूध येते. जीभ बांधलेली असेल तर बाळ हिरडीने धरू पाहते. आईला चिमटा बसल्यासारखी कळ येते, स्तनाग्र चपटे होऊन बाहेर येते, त्यावर भेगा पडतात, रक्तही येते. बाळ तासभर लागलेले असते, टकटक आवाज करते, थकून झोपते आणि थोड्याच वेळात भुकेने पुन्हा रडते.

इथे एक साधा हिशेब आपण विसरतो. स्तन रिकामा होतो तेवढे नवे दूध तयार होते. बाळाला नीट ओढता आले नाही की दूध साठते, गाठी होतात, कधी ताप येतो आणि काही दिवसांत दूध खरोखरच कमी होऊ लागते. म्हणजे सासूबाईंचे वाक्य दहाव्या दिवशी खरे ठरते, पण ते पहिल्या दिवशी खरे नव्हते. परिणामाला कारण समजून आपण त्या मुलीला दोषी ठरवतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीने पहिल्या बाळंतपणात असे एकोणीस दिवस काढले. पाजताना ती ओढणी दातांत धरायची. एक म्हणाली, पहिलटकरणीला दुखायचेच. दुसरी म्हणाली, आजकालच्या मुलींना सोसत नाही. दवाखान्यातून पावडरच्या डब्याचे नाव लिहून मिळाले. शेवटी शेजारच्या निवृत्त परिचारिकेने हात धुऊन बाळाच्या जिभेखाली बोट फिरवले आणि बाळ धरण्याची पद्धत बदलून दिली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून पुढे तज्ज्ञ डॉक्टरांनी तो पडदा कापला. वेदना त्याच दिवशी कमी झाली. आटलेले दूध पूर्ववत व्हायला मात्र तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिला उपदेशापेक्षा झोपेची आणि कोणीतरी भांडी घासण्याची गरज होती.

मला खटकते ते हे की आपल्या समाजात चिकटलेल्या जिभेची चिंता होते, पण मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावर. ‘बोबडा बोलेल, तोतरा होईल’ या भीतीने लोक तेव्हा डॉक्टरकडे धावतात. वास्तविक तान्हेपणी पडदा कापल्याने पुढचे बोलण्याचे दोष टळतात, असा भक्कम पुरावा नाही. त्रास होतो तो आधी, पाजण्याच्या दिवसांत. पण तो आईचा त्रास असतो आणि आईने सोसायचे असते, हे आपण गृहीत धरलेले असते.

आता दुसरी बाजू. शहरांतल्या काही दवाखान्यांत आज उलटा प्रकार सुरू आहे. बाळ रडते, जीभ चिकटलेली दिसते, लेझर करून टाका. हेही घाईचेच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की जीभ चिकटलेली दिसणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच स्तनपानात अडचण येते. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळे होती. कापल्यावर आईची वेदना काही काळ कमी झाल्याचे त्यात दिसले, पण बाळाचे पिणे सुधारल्याचा एकसारखा पुरावा मिळाला नाही. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचेही सिद्ध झालेले नाही. म्हणून जिभेचे रूप पाहून नव्हे, तर पाजण्याचा अनुभव पाहून निर्णय व्हायला हवा. गरज असेल तिथे ही शस्त्रक्रिया काही सेकंदांची असते, रक्ताचे थोडे थेंब येतात आणि लगेच बाळाला अंगावर घेता येते. पण ती डॉक्टरांनीच करायची. घरी नख किंवा ब्लेड लावण्याचा विचारही नको.

मुस्लिम घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कुरआनमध्ये दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे प्रत्येकाला पाठ असते आणि तो दाखला बाळंतिणीच्या तोंडावर मारला जातो. पण सूरह अल-बकराच्या त्याच २३३ व्या आयतीत पुढे काय आहे, हे किती जण सांगतात? मुलाच्या कारणाने आईला त्रास दिला जाऊ नये, तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापाची, दोघांनी आपसांत विचार करून संमतीने दूध तोडले तर दोष नाही आणि दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजून घेण्याचीही मुभा आहे, हे सारे तिथेच आहे. ज्या आयतीने आईला आधार दिला, तिचा अर्धा भाग घेऊन आपण आईलाच धारेवर धरतो. तहनीकच्या निमित्ताने नवजात बाळाला मध चाटवणेही थांबायला हवे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. हाच नियम गुटीत मध उगाळणाऱ्या घरांनाही लागू आहे.

सरकारी यंत्रणेबद्दलही बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्य संस्थांत झाली, पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच. आई दवाखान्यात असते, परिचारिका असते, तरी पाजताना शेजारी बसायला कोणाला वेळ नसतो. केंद्राने २०१६ मध्ये ‘माँ’ नावाचा स्तनपान कार्यक्रम सुरू केला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो आईची संपूर्ण माया. हेतू चांगला आहे, पण भेगाळलेल्या अंगाने रात्रभर जागणाऱ्या बाईकडे माया कमी नसते. तिच्याकडे नसतो तो जाणकार माणूस.

हे बदलायला मोठे यंत्र लागत नाही. घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने एक पूर्ण पाजणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे आणि बाळाची जीभ तपासावी. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. त्या भेटींत ‘दूध पाजता ना?’ एवढेच न विचारता तिने ‘पाजून दाखव’ म्हणावे, आणि तसे प्रशिक्षण व मोबदला तिला मिळावा. घरच्यांनी आवाज मोजण्यापेक्षा लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून निघत असेल, तर बाळाला सहसा दूध पुरते आहे. बाळ सुस्त पडत असेल, अंग पिवळे पडत असेल, लघवी कमी होत असेल तर खीर-हरीऱ्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधल्या काळात हाताने काढलेले दूध वाटी-चमच्याने देता येते. तेही पुरत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितले, तर वरचे दूध देणे हा गुन्हा नाही. १९९२ च्या कायद्याने पावडरच्या जाहिरातबाजीवर बंदी घातली आहे, गरजू बाळाचे पोट भरण्यावर नाही.

आणि पुरुषांनी एवढे तरी करावे. बायको ‘दुखते’ म्हणाली तर ‘सगळ्यांनाच दुखते’ हे उत्तर देऊ नये. सुरुवातीचे दोन-चार दिवस किंचित दुखणे वेगळे आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येणे वेगळे. आईने लाडवांचा डबा उघडण्याआधी आपण तिला सांगावे, ‘अम्मी, आधी बाळाचे तोंड कोणा जाणत्याला दाखवू या.’ दूध आहे की नाही, याचा निवाडा त्यानंतर करू.