चाळिशीतला रक्तस्राव ‘चालायचाच’ नव्हे

गर्भाशयातल्या गाठींबद्दल आपल्याकडे दोन मतं ठामपणे मांडली जातात आणि दोन्ही बाईच्या जिवावर उठतात. पहिलं घरातल्या वडीलधाऱ्यांचं: चाळिशी आली की अंगावरून जास्त जायचंच, पाळी गेली की थांबेल, तोवर सोसायचं. दुसरं सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आल्यावर ऐकू येतं: गाठ आहे ना, उद्या कॅन्सर व्हायचा, मुलं झालीच आहेत, पिशवी काढून मोकळी हो.

पहिल्या मताचा समाचार आधी घेते, कारण ते मायेच्या आवाजात बोलतं आणि त्यात अर्धं सत्यही आहे. फायब्रॉइडच्या गाठी गर्भाशयाच्या स्नायूच्याच असतात, शरीरातल्या संप्रेरकांवर वाढतात आणि पाळी कायमची थांबली की बहुतेक आकसतात. पण बेचाळिसाव्या वर्षी त्रास सुरू झाला आणि पाळी पन्नाशीला गेली, तर मधली आठ वर्षं दर महिन्याला गेलेल्या रक्ताचा हिशेब कोण देणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना ‘सोस’ म्हणायचं म्हणजे काय, याचा विचार म्हणणाऱ्यांनी करावा.

अशी बाई घरात ओळखू येते. गादीवर जुना टॉवेल अंथरलेला, एकावर एक दोन पॅड, लग्नकार्याला नेसायची ती गडद रंगाचीच साडी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठडा धरून थांबते. तांदूळ निवडताना चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकत राहते, कुणी खडू खातं, कुणी फ्रीजमधला बर्फ चघळतं. घरचे त्याला खोड म्हणतात. शरीरातलं लोह संपत आल्याची ती बऱ्याचदा खूण असते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सात-आठवर आलेल्या बायकाही डबे, नोकरी, पाहुणेरावळे सगळं उरकत असतात, कारण घसरण सावकाश होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. म्हणूनच ‘चालतीफिरती आहे ना, मग काय झालंय तिला’ हा युक्तिवाद टिकत नाही.

मेडिकलच्या दुकानातून रक्त थांबवायची गोळी आणणं हाही याच मताचा भाग. गोळीने महिना निभावतो, कारण मात्र कळत नाही. गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांच्या जाहिरातींनाही भक्कम पुराव्याचा आधार नाही.

आता दुसरं मत. गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. फायब्रॉइड म्हणून दिसलेली गाठ कॅन्सरची निघणं फारच विरळा. कित्येक जणींना गाठी असतात आणि कधी पत्ताही लागत नाही, त्यांना उपचार लागतच नाहीत. रिपोर्टमधल्या सेंटिमीटरवरूनही काही ठरत नाही. आतल्या अस्तराखाली असलेली दोन सेंटिमीटरची गाठ पाळीत हैराण करते, आणि बाहेरच्या बाजूने वाढलेली आठ सेंटिमीटरची गाठ रक्तस्राव न करता नुसती मूत्राशयावर दाबत राहते. गाठ कुठे आहे आणि बाईला त्रास काय होतो, यावर निर्णय घ्यायचा असतो.

घाईने पिशवी काढल्याची किंमत महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिली आहे. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलही, काहींना तोच योग्य उपाय असतो. पण त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी ‘कॉपर टी’सारखी साधनं आहेत, गर्भाशय ठेवून फक्त गाठ काढता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. हे पर्याय डॉक्टरांनी सांगितले नाहीत, तर विचारायचा हक्क बाईचा आहे. आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का, हे तर विचारलंच पाहिजे. तरुण वयात ती गेली की रजोनिवृत्ती एकदम येऊन आदळते आणि हाडांना, हृदयाला त्याचा फटका बसतो.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? पाळी सात दिवसांहून लांबत असेल, पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसत असेल तर जायलाच हवं. ओटीपोट जड राहणं, सारखी लघवीला घाई, संबंधाच्या वेळी दुखणं, गर्भ न राहणं किंवा पुन्हा पुन्हा गर्भपात होणं, यांमागेही गाठ असू शकते. पंचेचाळिशीनंतर पाळीचा नेम बिघडून जास्त जायला लागलं, तर ‘गाठच असेल’ असं घरबसल्या ठरवू नये, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी लागू शकते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवावं.

काही वेळा दिवस उजाडायची वाटही पाहू नये. दर तासाला पॅड भिजतोय आणि दोन-तीन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, पोटात अचानक असह्य कळ आलीय, त्याबरोबर ताप आहे किंवा लघवी अडलीय, गरोदरपणात रक्त जातंय, तर रात्री दोनलाही रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटल गाठा.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर नुसती तारीख लिहून थांबू नका. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, गुठळ्या होत्या का, तेही शेजारी लिहा. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि तो कागद, ते कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका, आणि घरातली दुसरी कुणी हे अंगावर काढत असेल तर तिलाही बरोबर न्या.