नाद लागतो तो कुठे?



क्रेगीबर्नला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आपल्यापैकीच एक कुटुंब राहते. त्यांना विचारूनच ही हकिगत लिहीत आहोत, नावगाव मात्र कोणी विचारू नये. आम्ही त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो. दादा मुंबईला बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. दिवसभराची चिल्लर पैशाला पैसा जुळल्याशिवाय घरी यायचे नाहीत. गल्लोगल्ली मटका चालायचा त्या काळातही त्यांनी कधी एक आकडा लावला नाही. आणि दारू म्हणाल, तर किद्दुशला आपल्या घरी काळ्या मनुकांचे सरबत असायचे, तेवढेच.

असा माणूस बहात्तराव्या वर्षी पोकीजच्या नादी लागला. (बालमित्रांनो, पोकीज म्हणजे पबात आणि क्लबात पैसे टाकून खेळायची यंत्रे. इथे व्हिक्टोरियात ती १९९१ च्या कायद्याने आली. पश्चिम ऑस्ट्रेलियात मात्र पबात ती ठेवायला आजही परवानगी नाही.) आधी दुपारी तासभर, मग शब्बाथच्या संध्याकाळीसुद्धा. वहिनी दिवे लावून वाट बघत बसायच्या. नातवाच्या बार मिट्झ्वासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले, तेव्हा घरात रडारड झाली.

आम्ही काय केले? लिहिताना लाज वाटते. चाळीस वर्षे इस्पितळात काढली आणि दादांना तोंडावर म्हणालो, "दादा, या वयात शोभतं का हे?" ते खाली मान घालून म्हणाले, "सिस्टर, मला जायचं नसतं हो. पाय जातात." आम्हांला ती सबब वाटली.

दादांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन. पुढच्या तपासणीला वहिनींबरोबर आम्हीही गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हातपाय तपासून झाल्यावर सहज विचारावे तसे विचारले, "हल्ली जुगार, खरेदी, खाणे, यातले काही वाढले आहे का?" वहिनी रडायलाच लागल्या. बाईंनी गोळ्यांचा कागद पुढे ओढला आणि एका नावाखाली रेघ मारली. प्रामिपेक्सोल.

ते नाव आम्हांला ठाऊक होते. त्याचा हा गुणही कधीतरी वाचला होता. पण शेजारच्या माणसाच्या बाबतीत तो आठवला नाही. आधी आठवला तो उपदेश!

आता हे नीट समजून घेऊ. मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. कंपवातात त्या मरत जातात, म्हणून हात कापतो, पाऊल अडखळते. ही गोळी डोपामिनची नक्कल करते. पण औषध काही पत्ता विचारून जात नाही. हालचालीच्या भागात पोचते तसे ते इच्छा आणि ओढ जिथे उपजते त्या भागातही पोचते. २०१० साली अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी काहीतरी आवरेनासे झालेले होते. न घेणाऱ्यांत ते प्रमाण ७ टक्के होते.

मग डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन का? पुष्कळदा तसे लिहितात, पण ते अर्धेच खरे. वोल्फ्राम शुल्त्स नावाच्या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस अवचित मिळाला की या पेशी जाग्या व्हायच्या. पुढे रसाच्या आधी खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पेशी खुणेलाच जाग्या होऊ लागल्या, रस मिळाल्यावर गप्प. बालमित्रांनो, आपल्या रस्त्यावर आइस्क्रीमच्या गाडीची धून वाजते तेव्हा तुम्ही चप्पल न घालता धावता ना? आइस्क्रीम अजून गाडीतच असते, पण तुमचा मेंदू आधीच पळालेला असतो. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर त्या पेशी नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे ह्या पेशी हिशेब ठेवतात, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले.

पोकीजचे यंत्र नेमके ह्या हिशेबावर बसवलेले आहे. केव्हा मिळेल ते कधीच कळू द्यायचे नाही, म्हणजे पेशींना सवय होत नाही आणि ओढ संपत नाही. एक डॉलर लावून वीस सेंट परत आले, म्हणजे ऐंशी सेंट गेले, तरी यंत्र दिवे लावून वाजते, जसे काही घरात सिमहाच आहे! पोटात दारूचा थेंब नाही, गर्दची पुडी नाही, आणि तरी व्यसन. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचा आजार दारू आणि मादक पदार्थांच्याच प्रकरणात घातला, तो ह्याच समजुतीने. (मुलांनो, फोनवरच्या खेळात बंद पेटी उघडून बक्षीस निघते, तीही त्याच यंत्राची धाकटी बहीण.)

एक प्रश्न राहतो. त्याच गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणांना काही होत नाही, मग दादांनाच का? इथे आई-बापांकडून आलेल्या जनुकांचाही वाटा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते की व्यसन लागण्याच्या शक्यतेत साधारण निम्मा भाग वंशाचा, बाकीचा आयुष्याचा. एकच असे जनुक नाही, पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे वजन थोडे थोडे. त्यांतले एक आपल्या लोकांना ऐकायला आवडेल. दारू पचवणाऱ्या एका जनुकाचा एक प्रकार ज्यू लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तो असला की शरीरात त्रासदायक द्रव्य झटपट बनते आणि दारू फारशी मानवत नाही. इस्राएलमध्ये झालेल्या अभ्यासांत असे लोक कमी पितात असे दिसले. पण छाती फुगवू नका. तो पहारेकरी फक्त दारूच्या दाराशी उभा असतो. पोकीजच्या दाराशी त्याचे काही चालत नाही.

मुंबईला आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा वॉर्डात दारूडा आला की त्याची खाट कोपऱ्यात. आम्हीही तोंड वाकडे करूनच सलाइन लावायचो. पुढे १९८६ साली पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला देणगी दिली. तिथे व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून वागवतात, हे वाचून आम्हांला तेव्हा नवल वाटले होते. इथे पार्कव्हिलला पेनिसिलिनवाल्या फ्लोरींच्या नावाची संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ व्यसनी मेंदूचाच अभ्यास करतात. पुण्याच्या त्या बाईंना हे माणसांकडे बघून कळले होते.

दादांची गोळी डॉक्टरीणबाईंनी हळूहळू उतरवली आणि दुसरी वाढवली. कृपा करून घरच्या घरी कोणी अशी गोळी एकदम बंद करू नका, फार त्रास होतो. आधी डॉक्टरांना सांगा, आणि लाज वाटत असेल तर शेजारच्याला सांगायला लावा. दादांनी आपला फोटो देऊन जवळच्या पबांतून स्वतःला बंदी घालून घेतली. कायद्याने तशी सोय आहे. जुगारासाठी मदतीचा फुकट फोन १८०० ८५८ ८५८, रात्री-बेरात्री कधीही.

दोन-अडीच महिन्यांत ओढ ओसरली. हात मात्र पूर्वीपेक्षा जास्त कापतो, तो सौदा दादांनी डोळे उघडे ठेवून केला. पैसे काही परत आले नाहीत. बार मिट्झ्वा झाला, हॉल न घेता. घरीच चिकाचा हलवा केला होता. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन दादांची माफी मागितली. वहिनींनी ताटली पुढे केली. दादा म्हणाले, "ते राहू द्या, सिस्टर. माझ्या गोळीची वेळ झाली का, ते आधी बघा."