मोगरा केसांतच शोभतो!

उन्हाळा लागला की परभणीत अंगणोअंगणी मोगरा फुलतो. झुडूप बुटके, पण सुगंध घरभर! गजरा माळावा, माठात घरची दोन फुले टाकावीत. मन प्रसन्न होते.

मात्र दूध दाटले म्हणून बाळंतिणीच्या छातीवर ही फुले बांधणे मला पटत नाही. त्यांनी दूध आटते. वेल्लोरच्या डॉक्टरांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. बाळ दगावलेल्या मातेला तो उपाय उपयोगी पडेल. पण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडचा घास त्याने जातो. पहिले ६ महिने दूध हेच त्याचे अन्न!

तेव्हा भगिनींनो, दूध दाटल्यास बाळाला वारंवार पाजा. ताप आला, छाती लाल झाली, तर डॉक्टरांना दाखवा. गजरा मात्र खुशाल माळा.