चोविसावा हिस्सा

छंदांनाही समाजात पायऱ्या असतात. गाणे ऐकणारा रसिक ठरतो, जुनी नाणी जमवणारा अभ्यासक ठरतो, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही मेजावर रुपयाएवढी चाके मांडून बसणारा गृहस्थ पोरकट ठरतो. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधण्याचा छंद आम्हांस गेली बरीच वर्षे आहे. घरी येणारे पाहुणे कौतुकाने म्हणतात, 'वा, अगदी खऱ्यासारखी!' आणि लगोलग विचारतात, 'चालते का?' नाही म्हटल्यावर त्यांच्या मुद्रेवर जी निराशा उमटते, तीत या छंदाविषयीचा सारा लोकाभिप्राय सामावलेला असतो. चालत नाही, विकायची नाही, मुलांच्या हाती द्यायची नाही. मग आहे कशासाठी?

'मन रमते', 'एकाग्रता वाढते' ही नेहमीची उत्तरे आम्हांस पुरी वाटत नाहीत. ती विणकामालाही लागू पडतात. आमचे म्हणणे असे, की प्रतिकृती बांधणे ही एखादी वस्तू नीट वाचण्याची रीत आहे, आणि तिचा कस 'खऱ्यासारखी' या शब्दापाशीच लागतो.

लहान रूपात मोठे काही बांधण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. दिवाळीतला मातीचा किल्ला प्रत्येकाने केलेला असतो. त्या किल्ल्यावरचे शिवाजी महाराज महादरवाजाहून उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो, आणि पायथ्याच्या शेतात अळिवाचे रोप मावळ्याच्या कमरेला लागते. तेथे आकार ठरतो तो महत्त्वावरून. मापाचा प्रश्न कोणी काढीत नाही, आणि काढूही नये. मोटारीची प्रतिकृती मात्र नेमकी उलट प्रतिज्ञा करते. १:२४ असे एकदा खोक्यावर छापले, की दाराच्या मुठीपासून आरशाच्या दांडीपर्यंत प्रत्येक वस्तू मूळ वस्तूचा चोविसावा हिस्सा असलीच पाहिजे. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे हा भेद येथे माप पुसून टाकते.

ही प्रतिज्ञा काही देशांनी फार गांभीर्याने घेतली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आश्रयाने 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही मुलांसाठीची स्पर्धा १९३० ते १९६८ पर्यंत चालली. आरंभी मुलांना नेपोलियनकालीन राजरथाची प्रतिकृती करावी लागे. पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटार घडवायची असे. तीत चमकलेली कित्येक मुले पुढे मोटारकंपन्यांत रचनाकार झाली. जपानात शिझुओका येथील तामिया या लाकडाच्या व्यापारातून वर आलेल्या कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ची प्रतिकृती आणली. त्या कामासाठी त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. एका खेळण्यासाठी आख्खी गाडी उकलणे हा वेडेपणा वाटेल. पण पाहिल्याशिवाय करायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता गंमत अशी, की माप तंतोतंत पाळले तर प्रतिकृती खोटी दिसू लागते. खऱ्या मोटारीच्या दोन दारांमधली फट पाच मिलिमीटरांची असेल, तर चोविसाव्या हिश्शाने ती ०.२ मिलिमीटर होते. रंगाचे तीन हात पडताच ती बुजते. म्हणून रंगाआधी ती कोरून खोल करावी लागते आणि रंगानंतर तीत पातळ काळपट रंग सोडून सावली आणावी लागते. चमचमत्या रंगातला धातूचा कण ०.०५ मिलिमीटरांचा धरला, तर प्रतिकृतीच्या जगात तो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होतो. बाटलीतला खरा रंग वापरूनही गाडी जरीच्या कापडात गुंडाळल्यासारखी दिसते. शुद्ध काळा रंग एवढ्याशा आकारावर कोळशासारखा मठ्ठ दिसतो. तो काळा वाटावा यासाठी त्यात थोडा करडा मिसळावा लागतो. आणि वजनाचे तर काहीच करता येत नाही. लांबी चोवीस पटींनी घटते, पण घनफळ, आणि त्याबरोबर वजन, १३,८२४ पटींनी. नऊशे किलोंची गाडी त्या हिशेबाने पासष्ट ग्रॅमची होते आणि चाकांवर तरंगत राहते. म्हणून जाणता कारागीर टायरचा जमिनीला टेकणारा भाग कानशीने किंचित सपाट करतो. वजन नसते, वजनाची खूण असते.

म्हणजे खरेपणा मापात नाही. काय वाढवायचे, काय बुजवायचे, कोठे लबाडी करायची याच्या निवडीत तो आहे. कथेतले संवाद हे ध्वनिमुद्रित बोलण्याची नक्कल नसतात, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. बोलणे जसेच्या तसे उतरवले तर ते बोलण्यासारखे वाटत नाही.

हा विचार आम्हांस पुस्तकात सापडला नाही; तो एका टॅक्सीने शिकवला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बांधलेली फियाट ११०० डिलाइट १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी असे समीकरण काही दशके टिकले. तिचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला 'बेस्ट'ची शेवटची डिझेलवरची दुमजली बस धावली होती. निदान एक पद्मिनी जपून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. तिला यश आले नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही फीत, पुठ्ठा, सुतळी आणि वही घेऊन दादरच्या एका थांब्यावर गेलो. विदेशी गाडीचे किट घेतले, तर खोक्यात सारे मोजून-मापून मिळते. पद्मिनीचे किट आमच्या हाती कधी आले नाही. तेव्हा मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. साठीच्या पुढचे एक चालक आमचा उद्योग पाहत होते. 'साहेब, घ्यायची आहे का गाडी? दोन महिने ऱ्हायलेत तिचे.' आम्ही म्हटले, 'नाही मामा, फक्त मोजायची आहे.' त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, 'मग हे पण लिहा. डावीकडचं मागचं दार वर उचलून लावावं लागतं. नुसतं ढकललं तर बसत नाही.'

आम्ही लिहून घेतले. चाकांच्या दोन आसांमधले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ९७.५. गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे सोळा सेंटिमीटरांच्या थोडे वर. छताची कमान पुठ्ठा कापून उतरवली. आणि सर्वांत शेवटी: दार, डावे, मागचे.

पुढचे काम वर्षभर चालले. शिवणीच्या ठोकळ्यातून अंग कोरले, त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा ओढून कवच काढले, लुकण भरले, चारशेपासून दोन हजार नंबरापर्यंतच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासले. पावसाळ्यात फवारलेल्या लॅकरवर पांढुरकी साय धरली, कारण मुंबईच्या दमट हवेत द्रावक उडता उडता पृष्ठभाग गार पडतो आणि बाष्प रंगात शिरते. सारे उतरवून दिवाळीनंतर पुन्हा फवारले. काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांसाठी चिकट ॲल्युमिनियमचा वर्ख बसवून दातकोरणीने घोटला. या कामात कौतुक करण्याजोगे काही असेल तर ते चिकाटीचे, आणि चिकाटी हा फार मोठा गुण नव्हे.

खरा प्रश्न पुढे होता: गाडी नवी दाखवायची की वापरलेली? या छंदात सध्या जीर्णतेला फार मान आहे. गंजाचे रंग तयार मिळतात, धुळीच्या पुड्या मिळतात, आणि हौशी मंडळी कोणत्याही गाडीला चौफेर गंज फासून 'वास्तव' साधतात. ग्रामीण कथेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या टाचांना भेगा असाव्यात, तसेच हे आहे. टॅक्सी म्हातारी असते, पण गलिच्छ नसते. तिचा मालक रोज सकाळी तिला ओल्या फडक्याने पुसतो, समोर अगरबत्ती ओवाळतो. तिचा गंज दाराच्या तळाशी असतो, जेथे पावसाचे पाणी साचते. रंग मुठीभोवती उडालेला असतो, जेथे वीस वर्षे उतारूंच्या अंगठ्या आणि बांगड्या घासल्या. डिकीच्या कडेला सामान ओढल्याच्या रेघा असतात. बाकी अंग झळझळीत असते. सरसकट चकाकी आणि सरसकट गंज, दोन्हींत पाहण्याचा आळस सारखाच आहे.

तीच गोष्ट तपशिलाची. पितळी पत्र्यातून कोरलेल्या नाजूक जाळ्या, कड्या, पुसण्यांच्या दांड्या आज तयार संचांत मिळतात. आम्हीही त्या आणतो, पण विकत मिळणारा तपशील म्हणजे दुसऱ्या कोणी केलेले निरीक्षण, हे विसरू नये. आमच्या टॅक्सीच्या छताला आतून फुलाफुलांचे रेक्झिन होते. ते आम्ही तीन केसांच्या कुंचल्याने रंगवले. छत बसवल्यावर ते कोणालाही दिसत नाही. ही निव्वळ मिरवणूक आहे, असा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांनी घेतला, आणि पुष्कळदा तो खरा असतो: बॉनेटखाली गच्च भरलेल्या वायरी हा कारागिराचा स्वतःलाच दिलेला नमस्कार असतो. पण टॅक्सीच्या मागच्या आसनावर मान टेकून बसलेल्या दमलेल्या माणसास छतच दिसते. ते त्या गाडीच्या अर्थाचा भाग आहे. जे मुळात कोणीतरी पाहिले, ते प्रतिकृतीत न दिसले तरी असावे.

आता त्रिमिती स्कॅनर आणि छपाईयंत्र आल्यावर या खटाटोपाला काय अर्थ उरतो, असे विचारले जाते. दस्तऐवज म्हणून स्कॅन अवश्य व्हावेत. आमचा त्यांस विरोध नाही. परंतु स्कॅनरला लाखो बिंदू सारखेच मोलाचे असतात. मुठीजवळचा उडालेला रंग आणि छतावर पडलेले कावळ्याचे शिंतोडे यांत तो भेद करीत नाही. तो करणारा माणूस लागतो, आणि त्या माणसास गाडीत बसणारे आणि गाडी चालवणारे ठाऊक असावे लागतात.

आणि येथेच आमची खरी तक्रार आहे. आपण वस्तू वापरतो फार प्रेमाने आणि टाकतो फार निर्विकारपणे. वाड्यांची छायाचित्रे निघतात, किल्ल्यांची मोजणी होते. पण ज्या यंत्रांत आपले आयुष्य गेले, त्यांना वारसा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. अपवाद आहेत, आणि ते बहुधा हौशीच आहेत. एस.टी.च्या लाल गाड्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करणारे तरुण गावोगाव आहेत. खिडक्यांची संख्या चुकली तर त्यांना झोप लागत नाही. त्यांना पोरकट म्हणण्याआधी आपल्या संग्रहालयांत त्या गाड्यांपैकी किती उभ्या आहेत, हे मोजावे. तीन चाकांची डुक्कर रिक्षा आपल्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा तिची मापे कोणी घेतली होती?

टॅक्सी पुरी झाली तेव्हा आम्ही दादरच्या थांब्यावर चौकशी करून त्या चालकांचे घर गाठले. त्यांची गाडी तोवर मोडीत गेली होती. मेजावर ठेवलेली प्रतिकृती त्यांनी सावकाश फिरवून पाहिली. डाव्या मागच्या दाराची फट आम्ही खाली निमुळती आणि वर रुंद ठेवली होती, फरक ०.२ मिलिमीटरांचा. इतर पाहुण्यांना ती आमची चूक वाटते. त्यांनी बोट त्या दारापाशी नेले, स्पर्श न करता किंचित वर उचलल्यासारखे केले आणि म्हणाले, 'हां.'

चालते का, असे त्यांनी विचारले नाही.